हौशाची नोंद

२०२४ च्या डिसेंबरात चार दिवस गावी गेले होते. आई ओट्यावर उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, मी शेजारी मोबाईलवर ऑफिसचे मेल बघत बसलेले, तेवढ्यात पशुगणनेची मुलगी आली. बावीस-तेवीसची असेल, डोक्याला स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र, सकाळपासून उन्हात फिरून चेहरा पार सुकलेला. तांब्याभर पाणी प्यायली, ओट्याच्या कडेला टेकली आणि विचारायला लागली, मावशी गाई किती, म्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती, कुत्रं पाळलंय का. आई सांगत होती, ती मोबाईलवर टिपत होती. मग बैलांवर आली. आई म्हणाली एक हाय, हौशा. नाव नको मावशी, वय सांगा. आईनं बोटांवर हिशोब केला, धाकटा बारावीला होता त्या साली कपिलेला झाला, म्हणजे आता अठरा पुरी झाली बघ. जात? लाल कंधारी. कामाला आहे का पैदाशीला? आई म्हणाली कामाला नाही आता, दोन वर्षं झाली त्याच्या खांद्यावर जू ठेवलं नाही, आणि पैदाशीला कसा असंल, बैल हाय तो, वळू नाही. मुलगी जरा थांबली, स्क्रीन वरखाली केली आणि म्हणाली, मग 'इतर' मध्ये टाकते.

ती गेल्यावर आईनं शेंगा सोलता सोलता विचारलं, इतर म्हंजी काय गं?

मला उत्तर देता आलं नाही. त्या मुलीची काहीच चूक नव्हती, तिला पुढं अख्खी वस्ती करायची होती आणि तिनं जे करायचं ते नीट केलं. पण तो शब्द माझ्यासोबत पुण्याला आला. बसमध्ये, ऑफिसात, रात्री ओटा पुसताना, मधेच आठवायचा. अठरा वर्षं एका घरात राहिलेला, त्यातली चौदा वर्षं आमचं रान नांगरून पाळी घालून पेरून दिलेला जीव, आणि त्याच्यासाठी आपल्याकडं शब्द काय तर इतर. आणि नेमकं वय अठरा. ज्या वयाला माझं नाव मतदार यादीत आलं होतं आणि अण्णांनी शेजारपाजारी पेढे वाटले होते.

त्या दिवशी दुपारी मी गोठ्यात जाऊन बसले. तिथं जो वास असतो ना, शेण, मूत, ओला कडबा आणि जनावराच्या अंगाची ऊब सगळं मिळून, तो नाकात गेला की मी आठ-नऊ वर्षांची होते. हौशा बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, रवंथ चालू. एके काळी भाजलेल्या विटेसारखा त्याचा रंग होता, आता तोंडावर आणि डोळ्यांभोवती पांढरं आलंय. खांद्यावर जिथं जू बसायचं तिथली कातडी जाड, केस नसलेली, हात फिरवला तर चपलेच्या तळव्यासारखी लागते. आणि कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. माझ्याही आधारचे आकडे बाराच आहेत. गावात सगळे त्याला पशुआधारच म्हणतात.

म्हणजे सरकारला हौशा माहीत नाही असं अजिबात नाही. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून हे बिल्ले गावोगाव आले, आणि १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. लम्पी आला त्या २०२२ च्या पावसाळ्यात गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार असे मदतीचे दर ठरले होते, आणि आमच्या शेजारच्यांनी मेलेल्या गाईचा पंचनामा होईपर्यंत तिच्यावर गोणपाट टाकून रडत रडत माशा वारल्या होत्या. जनावरांची मोजणी या देशात १९१९ पासून होतेय. २०१९ ला ५३ कोटींच्या वर पशुधन भरलं, आणि ही मुलगी आली होती ती एकविसाव्या गणनेसाठी. माणसांची शेवटची गणना २०११ ची, तिच्यानंतर जनावरं तीनदा मोजायला निघाली. नंबर आहे, मोजणी आहे, लस आहे, मेल्यावरची किंमत ठरलेली आहे, गाडीत घालून दुसरीकडं न्यायचं तर कागद आहे. एखाद्या माणसाबद्दल सरकारकडं एवढं सगळं असेल तर आपण त्याला नागरिकच म्हणू की.

हा नागरिक शब्द माझ्या डोक्यात आपोआप आला नाही, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीनं स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका या कॅनडातल्या जोडीच्या 'झूपोलिस' या २०११ च्या पुस्तकाबद्दल सांगितलं होतं आणि मग मी ते हळूहळू, अडखळत वाचलं. त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं की रानातल्या प्राण्यांचं त्यांचं त्यांचं राज्य आहे, तिथं आपण लुडबूड करू नये. कबुतरं, उंदीर, खारी असे जे आपल्या आसऱ्यानं राहतात पण आपले नाहीत, त्यांना निदान रहिवासी म्हणून नीट राहू द्यावं. पण गाय, बैल, कुत्रा, घोडा, कोंबडी यांना आपण हजारो वर्षांपूर्वी आपल्यात आणलं, त्यांची शिंगं, दूध, स्वभाव, सगळं आपल्याला हवं तसं घडवलं, आता त्यांना परत जायला जागाच नाही. मग त्यांच्याशी न्यायानं वागायचं तर एकच रस्ता उरतो, ते या समाजाचे सदस्य आहेत असं मानायचं. नागरिक मानायचं. मतदान वगैरे नाही, तो लोकांना पहिला हसू येणारा प्रश्न असतो. त्यांचा मुद्दा असा की लहान मूल मत देत नाही, बौद्धिक अपंगत्व असलेली कितीतरी माणसं बोलून आपलं म्हणणं मांडू शकत नाहीत, तरी ती नागरिक असतातच, कारण त्यांना ओळखणारं कुणीतरी त्यांची इच्छा त्यांच्या वागण्यातून वाचतं आणि ती कुठंतरी धरली जाते. इच्छा वाचता येणं आणि ती धरली जाणं, पुस्तक खाली ठेवल्यावर माझ्याजवळ एवढंच राहिलं.

मला ते वाचताना सारखी आमच्या खांदेमळणीची संध्याकाळ दिसत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना ओढ्यावर नेऊन धुवायचं, खांद्याला तूप-हळद चोळायची, आणि मग पळसाचं पान हातात घेऊन बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घ्या. या. वर्षभर ज्याला हाड-हुड, चल रे, मागं हो म्हटलं त्याला एक दिवस अहो-जाहो. लहानपणी मला वाटायचं बैल खरंच विचार करून ठरवतात यायचं की नाही.

पण आपल्याकडं जनावराला कायद्यानं पहिल्यांदा नीट ओळखलं ते मला वाटतं कोंडवाड्यात. आमच्या कोंडवाड्याच्या चार दगडी भिंती अजून आहेत, आत एरंड आणि गाजरगवत माजलंय. १८७१ चा इंग्रजांचा कायदा. कुणाच्या पिकात गाय घुसली की तिला हाकलत आणून तिथं कोंडायची, मालकानं दंड आणि वैरणीचे पैसे भरून सोडवून न्यायची. मी चौथीत असताना आमची कपिलेची आई, तिला आम्ही तांबडी म्हणायचो, तिला कोंडलं होतं. अण्णा परगावी, घरात पैसे नाहीत. आजीनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या आणि मला घेऊन गेली. फाटकाच्या फटीतून तांबडीनं तोंड बाहेर काढलं, आजी भाकरीचा एकेक तुकडा तिला देत होती आणि तिला समजावत होती, पैसे उद्या येतील बाई, एक रात्र काढ. रात्री घरी आल्यावर आजीला घास गेला नाही. तांबडीची रिकामी दावण मला झोपेतसुद्धा दिसत होती. आज कळतं की तांबडीकडं तेव्हा गुन्हा होता, शिक्षा होती, कोठडी होती. बाजू मांडायला तेवढं कुणी नव्हतं. आणि बाजू होती तिला. त्या वर्षी गायरानाचा मोठा तुकडा कुणीकुणी वहीत केला होता, ती चरायची ती वाटच नांगरून टाकली होती, ती तिच्या रोजच्या वाटेनं गेली आणि तिथं ज्वारी निघाली.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही यात दोन दिवस गेले.

१९९७ चा वैशाख. मी अकरा वर्षांची. अण्णा आणि मी वरच्या रानातून गाडीभर कडबा घेऊन येत होतो. जोडी होती मोत्या आणि चिमण्याची. ओढ्याच्या चढावर मोत्या बसला. गाडीला जुपलेला बैल बसतो ना तेव्हा तो पुढचे गुडघे टेकवून हळूहळू खाली जातो आणि जू एका बाजूनं कलतं, दुसरा बैल मान वाकडी करून उभा राहतो, एवढं भयंकर दिसतं ते. ऊन असं की ओढ्यातले दगड पांढरे दिसत होते. अण्णांनी आधी हाका मारल्या, मग चाबूक, मग ते मागं गेले आणि त्यांनी मोत्याची शेपूट धरून पिरगाळली. मी तो आवाज ऐकला. सुकी काडी मोडल्यासारखा बारीक आवाज. मोत्या उठला. गाडी घरी आली. माझे अण्णा वाईट माणूस नव्हते, हे मी त्यांची लेक म्हणून सांगत नाहीये, त्या साली सोसायटीचं कर्ज थकलेलं, आजी आजारी, कडबा ओला होण्याआधी घरात यायला हवा कारण वळवाचा भरवसा नसतो. हे सगळं खरं. आणि मोत्या नाही म्हणाला होता, हेही खरं. त्याला येत असलेल्या एकाच भाषेत, खाली बसून, अगदी स्पष्ट नाही म्हणाला होता.

मोत्याच्या शेपटीला शेवटाकडं जी वाकडी गाठ आली ती कायम राहिली. आणि त्यानंतरच्या प्रत्येक खांदेमळणीला अण्णा खांद्याला तूप-हळद लावून झाली की वाटीत उरलेलं बोटावर घेऊन मोत्याच्या मागं जायचे आणि त्या गाठीला चोळायचे. बराच वेळ. कुणाशी काही न बोलता. २००६ ला मोत्या गेला तोवर. मी एकदाही त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही, आता २०१७ ला तेही गेले.

खूप नंतर मला कळलं की ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसात सगळे मिळून नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, मधे विसावा. आणि जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी बारा ते तीन जुपायचंच नाही. मी हे वाचून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आमच्याकडं वैशाखात चाळीस-बेचाळीस नेहमीचं. म्हणजे मोत्या चढावर बसला तेव्हा त्याच्या बाजूनं एक नियम बत्तीस वर्षं लिहून ठेवलेला होता आणि तो आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हता, ना अण्णांना, ना मला, ना त्याला. आणि जनावराला मारलं, छळलं त्याची शिक्षा तरी काय, १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. आजही कायद्यात आकडा तोच आहे.

इथं मला माझी चुलत बहीण नेहमी अडवते. ती आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोयता आहे त्यांचा, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, टायर बैलगाडी आणि स्वतःची बैलं घेऊन साताऱ्याकडं नाहीतर कर्नाटकाच्या हद्दीत. ती म्हणते, ताई तू बैलांच्या नऊ तासांचं सांगतीस, आमचे तास कोण मोजतंय? मतदान आलं तर आम्ही फडात असतोय, आमचंच नागरिक असणं चार-पाच महिने पालातच असतंय. तिचं बोलणं मला लागतं कारण ते खरं आहे. मी एकदा त्यांच्या पालावर दोन रात्री राहिले होते. पहाटे तीनला ती उठली, पोराला पांघरूण घातलं, चूल पेटवली आणि तिच्या आधी बैल उठलेले होते, अंधारात त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. दव पडलेलं, उसाच्या पाचटाचा ओलसर गोड वास, हाताला कुसं टोचतात ती वेगळीच. दिवसभर दोघांनी तोडलं, मोळ्या बांधल्या, गाडी भरली आणि मग कारखान्याच्या रांगेत रात्री अकरापर्यंत गाडी उभी, बैल जुपलेले, ती गाडीला टेकून बसल्या जागी झोपलेली.

त्या रांगेत मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं. तिचा आणि बैलाचा हक्क एकमेकांच्या आड येत नाहीत, ते एकाच जुवाला बांधलेत. त्या बैलांचे नऊ तास जर कुणी खरंच मोजले असते तर संध्याकाळी सहाला बैल सुटले असते, आणि बैल सुटले की तीही सुटली असती. बैल दमला म्हणून गाडी थांबवायचा हक्क असेल तर तो तिच्याही कामाला येतो, कारण फडात बैलाशिवाय पान हलत नाही आणि तिच्याशिवायही नाही. उचलीनं जसं ते बांधले गेलेत तसेच बैलही बांधले गेलेत, बैलांसाठी कर्ज, कर्जासाठी उचल, उचलीसाठी फड. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, हां, हे बरोबर हाय, पण मोजणार कोण? तिथं पुन्हा मी गप्प.

मोजणार कोण, या प्रश्नाशी कोर्टंही येऊन थांबतात असं दिसतं. २०१८ च्या जुलैमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं एक निकाल दिला, त्याची सुरुवात नेपाळच्या हद्दीतून इकडं बनबसाला येणाऱ्या घोडागाड्यांपासून झाली होती. घोडे रोज सीमा ओलांडत होते, त्यांची तपासणी, लस, ओझं याचं कुणी बघत नाही म्हणून एकानं याचिका केली आणि न्यायालयानं थेट सगळं प्राणिजगत ही कायदेशीर व्यक्ती आहे असं जाहीर केलं आणि राज्यातल्या सगळ्या लोकांना त्यांचे पालक म्हटलं. दोन देशांच्या मधल्या रस्त्यावरचे ते तांगेवाले घोडे मला फार आठवतात. त्यांना सीमा कळत नसेल, पण पाठीवरचं ओझं दोन्ही बाजूंना तेवढंच होतं. त्याआधी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती थांबवताना घटनेतल्या जगण्याच्या हक्काचा अर्थ प्राण्यांपर्यंत नेला होता. मग २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, शर्यतींना मोकळीक मिळाली, आणि समानतेचा मूलभूत हक्क एखादा प्राणी व्यक्ती म्हणून मागू शकतो असं मानायला पीठ तयार झालं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी गुलाल उधळल्याचे व्हिडिओ आले. त्यात एक म्हातारा होता, आपल्या खोंडाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होता आनंदानं. त्याचं प्रेम खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण खोंडाला धावायचं होतं का, हे त्या सगळ्या वर्षांत, इतक्या वकिलांच्या गर्दीत, त्याच्याकडं बघून कुणी ठरवलं असेल का, हा विचारही मनातून जात नाही. कधी पळायचं असेलही. मी उधळलेले बैल बघितलेत, रान मोकळं असलं की ते स्वतःच्या आनंदानं पळतात, शेपूट वर करून. तेव्हा त्यांच्या मागं कुणी नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिक राज्यात बरीच वर्षं प्राण्यांचा सरकारी वकील होता, छळाच्या खटल्यात तो प्राण्याच्या बाजूनं उभा राहायचा. २०१० ला सगळ्या देशात तसे वकील नेमावेत का यावर जनमत घेतलं तर लोकांनी मोठ्या फरकानं नाही म्हटलं. हे वाचलं तेव्हा मला तांबडी आठवली आणि फाटकाच्या फटीशी बसलेली आजी. वकिली म्हणजे तेच होतं ना, शिक्षण नसलेल्या बाईनं केलेलं.

आणि जगण्याच्या हक्काचं म्हणाल तर हौशाला तो आहे, कागदावर तरी पक्का. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाची कत्तल बंद आहे. पण जगण्याच्या हक्कासोबत घराचा हक्क आला नाही. म्हाताऱ्या बैलाला घेणारं कुणी नाही, रोज कडबा, पेंड, पाणी लागतं, आणि दुष्काळी गावात ते कुठून आणायचं. आमच्याच गावातल्या एकानं दोन वर्षांपूर्वी आपला बैल रात्री टेम्पोत घालून लांब दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोडला. चौथ्या दिवशी बैल चालत परत आला. खुरं फुटलेली, दारात येऊन उभा. त्या घरातल्या बाईनं आईला सांगितलं की तिचा नवरा त्या दिवशी घराबाहेरच आला नाही. आता तो बैल त्यांच्याकडंच आहे. घर कुठलं हे त्यानंच ठरवलं आणि चालून दाखवलं.

माझा धाकटा भाऊ वाईट नाही पण हिशोबी आहे, असावंच लागतं. भाड्याच्या ट्रॅक्टरनं सगळी मशागत होते, हौशा दावणीला नुसता बसून खातो, तो म्हणतो आई माया चांगली पण कडब्याची पेंढी बघ केवढ्याला झालीय. आई त्याला उलटून बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, तुझ्या इंजिनिअरिंगच्या वर्षी जास्तीची पाच एकर बटईनं कुणी नांगरली रे? तेव्हापासून मी दर महिन्याला दोन हजार पाठवते, कडब्याला म्हणून. पेन्शन म्हणून पाठवते असं मनात म्हणते. पण ते माझ्या मर्जीवर आहे, माझी नोकरी गेली तर तीही जाईल, आणि मर्जीवर चालतं त्याला हक्क कसं म्हणायचं.

पुण्यात रोज सकाळी पिशवी फोडून मी चहा करते. ते दूध देणाऱ्या गाईला झालेला गोऱ्हा कुठं जातो हे मला माहीत आहे, माहीत नाही असं मी स्वतःला सांगू शकत नाही. २०१९ च्या गणनेत देशात गाई साडेचौदा कोटींच्या आसपास आणि बैल, वळू, गोऱ्हे सगळे मिळून पावणेपाच कोटींच्या आत. जन्माला तर जवळपास निम्मे निम्मे येतात. आता तर लिंग निवडलेलं वीर्य सरकारी योजनेतून मिळतं, दहातल्या नऊ कालवडीच व्हाव्यात म्हणून. भाऊ म्हणतो हेच बरं, निदान जन्माला येऊन उपाशी तरी मरत नाहीत. मला ते खोडता येत नाही आणि पटतही नाही. मुलींचे गर्भ पाडण्यानं बदनाम झालेल्या बीड जिल्ह्यात वाढलेल्या बाईला कुणाला जन्माला यायचं नाही हे ठरवणारी मशिनं ऐकली की पोटात कालवतंच, मग तिथं गोऱ्हा असला तरी. चहा मात्र मी सोडलेला नाही.

पुढच्या, म्हणजे २०२५ च्या पोळ्याला रजा टाकून गेले. २१ ऑगस्टला संध्याकाळी खांदेमळणी. हौशाला ओढ्यावर नेणं शक्य नव्हतं, मागचे पाय अडखळतात, म्हणून गोठ्यातच कोमट पाण्यानं त्याला पुसून घेतला. आईनं खांद्याला तूप-हळद लावली. मी वाटीत बघितलं तर थोडं उरलेलं होतं, आणि मी काही बोलायच्या आत आई त्याच्या मागं गेली आणि त्याच्या शेपटीला, सरळ, धड शेपटीला, ते चोळत राहिली. मग कानाशी वाकून म्हणाली, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वेशीकडं हलगी सुरू झाली. गावात आता जोड्याच उरल्यात अकरा, लोक ट्रॅक्टरलाही माळा घालून आणतात. भाऊ झूल आणि बाशिंग घेऊन आला, मारुतीला पाच फेऱ्या मारून आणतो म्हणाला, अण्णांचा बैल आहे, बैलांच्या लग्नाला दिसायला पाहिजे. दावं सोडलं, हौशाला उठवलं. तो गोठ्याच्या दारापर्यंत आला, बाहेरच्या गर्दीकडं, हलगीच्या आवाजाकडं कान करून जरा वेळ उभा राहिला, आणि वळला. वळून आपल्या जागेवर गेला आणि पुढचे गुडघे टेकवून हळूहळू खाली बसला. भावानं दावं ओढलं नाही. हातातली झूल तशीच धरून त्यानं आईकडं बघितलं. आई म्हणाली, राहू दे, त्याला नाही यायचं.

मग पुरणपोळीचं ताट तिथंच आणलं. आई पाटीवर बसली, मी दगडावर. वेशीकडून मंगलाष्टकांचा आवाज येत होता, मधेच वाऱ्यानं तुटत होता. हौशानं एक पोळी सावकाश खाल्ली, तोंडाला लागलेलं पुरण जिभेनं पुसलं, दुसरीचा वास घेतला. खाल्ली नाही. ताटावरून तोंड उचलून आईच्या गुडघ्याशी आणून ठेवलं.

आई म्हणाली, अजून देऊ? का बास?

आणि हात ताटावर तसाच ठेवून ती थांबली, तो काय म्हणतो ते बघत.